पाण्याला पाच खडे

पाण्याला पाच खडे मीच ठेवले. दुसऱ्या कुणी ठेवले असते, तर शिव्या घालायला मला एक माणूस तरी मिळाला असता.

आंब्याखाली जमिनीवर मोठा पांढरा कागद अंथरला होता. त्यावर पाच तोंडं काढलेली. पहिलं ढसाढसा रडणारं, शेवटचं कानापर्यंत हसणारं. संस्थेचा तरुण अधिकारी वेझी गुडघ्यावर बसून समजावत होता की आमच्या मुलोला गावच्या आरोग्य केंद्राला आज गावाने गुण द्यायचे. गरिबी हटवायची तर आधी कारभार सुधारला पाहिजे, आणि कारभार सुधारायचा तर लोकांनी तोंड उघडलं पाहिजे, असं संस्थेचं म्हणणं. तीन वर्षं ते हेच सांगत होते. तीन वर्षांत आम्हाला टोप्या मिळाल्या, टी-शर्ट मिळाले, वह्या मिळाल्या, फँटाच्या बाटल्या मिळाल्या. केंद्राच्या भिंतीवर एक तक्रारपेटी मिळाली, तिची किल्ली राजधानीत असते. पाणी सोडून सगळं मिळालं.

केंद्राचा हातपंप चौदा महिने बंद होता. आतला पाइप गंजून तुटला होता आणि जिल्ह्याच्या पाणी खात्यात गेलं की पाइप नाहीत असं उत्तर मिळायचं. आमच्याकडे बाळंतपणाला जाताना बाईने न्यायच्या वस्तू ठरलेल्या आहेत. दोन मीटर काळा प्लास्टिकचा कागद, कारण खाटेवरची गादी फाटून आतला स्पंज वर आलाय. नाळ कापायला नवं ब्लेड. दोरा, मेणबत्ती, साबण. पंप गेल्यापासून त्यात बादलीभर पाणी वाढलं. ओढा उताराखाली, केंद्र टेकाडावर. फेब्रुवारीत शेजारच्या डोरिकाचा नातू आठव्या दिवशी गेला. बेंबी पिकली होती. त्याच महिन्यात आणखी एक बाळ तसंच गेलं. आणि माझी मलिता, माझी एकुलती एक, गुण द्यायच्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होती. मला दुसरं काही नको होतं. तिची वेळ यायच्या आत त्या पंपातून पाणी यायला हवं होतं, बस्स.

मग पाच खडे का ठेवले?

कारण फेलिस्ता सिस्टर समोर बसली होती. संस्थेनेच तिला बोलावलं होतं, पुढे खुर्चीवर, सगळ्या गावाकडे तोंड करून. अख्ख्या केंद्राला ती एकटी नर्स. इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि हात मांडीवर असे ठेवले होते, जसे पोरं छडी खायच्या आधी ठेवतात. अर्ध्या गावाची पोरं तिच्याच हातून जन्मलेली. पंप काही तिने मोडला नव्हता. उलट बाई बाळंत झाली की खोली धुवायला तीच डोक्यावर बादली घेऊन टेकाड चढते. वेझीने विचारलं, "केंद्रात पाण्याची सोय कशी आहे?" आणि खडे माझ्या हातात दिले, कारण केंद्राच्या समितीची सचिव मी.

माझा हात रडणाऱ्या तोंडाकडेच निघाला होता. मागून माझ्या साउलोसी मामांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेचा काठ ओढला.

"पोरी, तोंडावर नाही," ते पुटपुटले.

आमच्याकडे नवरा-बायकोचंसुद्धा भांडण तोंडावर होत नाही. लग्न लागतं तेव्हा दोन्हीकडचे मामा मध्यस्थ म्हणून उभे राहतात आणि मग जन्मभर तक्रार त्यांच्या तोंडून जाते. नवरा मारत असो, पीत असो, बायको त्याला चारचौघांत काही म्हणत नाही. चारचौघांत त्याला मक्याची न्सिमा वाढते, गुडघे टेकून हात धुवायला पाणी देते. दुसऱ्या दिवशी मामा कोट घालून, कोंबडी घेऊन निघतो आणि जे सांगायचं ते सांगून येतो. याने माणसाचं तोंड वाचतं आणि कामही होतं. माझा नवरा जोहान्सबर्गला पळून गेला, ते एक सोडा. पण तोवर सहा वर्षं मामांनी त्याला सरळ ठेवला होता.

पलीकडून डोरिकानेही कोपर मारलं. "ठेव गं पाच. शाळेत पैकीच्या पैकी मिळाले की बक्षीस देतात. मग पंप मागू."

ठेवले. कानापर्यंत हसणाऱ्या तोंडावर पाच खडे. फेलिस्ताने मान खाली घातली. वेझीने ते हातातल्या यंत्रात टिपलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग डोरिकाची कोंबडी कापली आणि पाहुण्यांना जेवू घालून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साउलोसी मामा दारात उभे. सत्तरीच्या माणसाने लग्नातला तपकिरी कोट चढवलेला, काखेत पाय बांधलेला कोंबडा. "चल," म्हणाले. "काल पाहुणचार झाला. आज बोलायचं."

दोन सायकल-टॅक्स्या केल्या आणि बोमाला गेलो. जिल्ह्याच्या कचेऱ्या तिथेच, आणि संस्थेची माणसं उतरतात ते लॉजही. वेझी अंड्याचा नाश्ता करत होता. मामांना बघून गडबडून उठला. पोरगा वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे जे म्हणेन ते म्हणायला मी मोकळी.

मामा खुर्चीवर बसले नाहीत. कोंबडा त्याच्या पायाशी ठेवला, दोन्ही हातांनी हळू टाळी वाजवली आणि रीतसर सुरू केलं. "काल आमच्या तोंडून जे गेलं ते पाहुण्यांसाठी होतं. आज मी मुलोलाचा मामा म्हणून आलोय. आमच्या केंद्राला पाणी नाही. चौदा महिने नाही. बायका बाळंतपणाला स्वतःचं पाणी डोक्यावरून नेतात. फेब्रुवारीत दोन बाळं गेली. तुझ्या घरच्यांना हे सांग, आणि पंप दुरुस्त झाला पाहिजे असं आमचं मागणं आहे."

वेझीने काटा खाली ठेवला. "पण मामा, काल तर तुम्ही पाण्याला पाच दिलेत."

"सिस्टर बसली होती ना समोर."

"ती बसायलाच हवी होती. समोरासमोर बोलायचं, हीच तर पद्धत आहे."

"कोणाची?"

त्याने ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "काल रात्रीच आकडे वर पाठवले."

"मग परत मागव," मी म्हटलं.

"मावशी, येत नाहीत परत. एकदा गेले की गेले."

"आकडेच आहेत ना? का माझा नवरा आहे?"

तो हसला, आणि हसल्याचा त्याला पश्चात्ताप झालेला मला दिसला. मग त्याने जे सांगितलं ते सांगायला नको होतं. जिल्ह्यात ज्या तीन केंद्रांना सगळ्यांत कमी गुण मिळतील, त्यांची दुरुस्ती संस्था करून देणार होती. पंप, गाद्या, छप्पर, जे मोडलं असेल ते. पाइप त्यांच्या गोदामात येऊन पडलेसुद्धा होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हे काल नाही सांगितलंस?"

"सांगायची परवानगी नाही, मावशी. आधी सांगितलं तर लोक मुद्दाम कमी गुण देतात. खरं बोलत नाहीत."

म्हणजे आम्ही खरं बोलावं म्हणून यांनी आमच्यापासून खरं लपवलं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला एकदा मला बघायचंय. तो कुठे बसतो, पाणी कुठून पितो, त्याच्या बायकोने बाळंतपणाला काय काय सोबत नेलं होतं, एवढंच विचारायचंय. उंटावर बसून शेळ्या हाकणारी माणसं मी ऐकून होते. यांचा तर उंटही परदेशात.

मामा अजून शांत होते. "तुझ्या आईचा भाऊ कोण आहे रे? त्याने तुला काही शिकवलं नाही? मध्यस्थ आला की त्याचं ऐकून घ्यायचं, एवढंसुद्धा?"

"मी उत्तरेचा, मामा. आमच्याकडे बापाचं चालतं."

"तरीच!" मामा म्हणाले. "बापांच्या राज्यात आणखी काय होणार."

वेझीने कपाळ चोळलं. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझी आईसुद्धा मला जन्म द्यायला स्वतःची बादली घेऊन गेली होती. पण माझं कंत्राट जूनमध्ये संपतंय. मी गुण बदलले तर उद्या म्हणतील, हा आकडे बनवतो."

मला त्याचाच जास्त राग आला. न कळणाऱ्याला निदान शिकवता तरी येतं.

कोंबडा त्याने परत द्यायचा प्रयत्न केला. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की हात मागे गेला. परत येताना मामा सायकलच्या मागे बसून एकच वाक्य दोनदा बोलले. "आमच्या घरात सुरी बोथट. धारदार पातं पाहुण्याकडेच असतं, असं आमची आजी म्हणायची." म्हणजे घरात अडलेलं पाहुणाच सोडवतो. पण तो कापतो कुणाला, ते आजीने सांगितलं नव्हतं.

यानंतर दोन महिन्यांनी समारंभ झाला. जिल्ह्यात मुलोला पहिलं आलं होतं. समारंभाला राजधानीतून खुद्द संस्थेची मोठी मॅडम येणार होती, मार्गिट तिचं नाव. केंद्रासमोर मंडप घातला, टेबलावर पांढरं कापड, त्यावर बाटलीतलं पाणी. एका ओळीत वीस बाटल्या. पन्नास पावलांवर मेलेला पंप उभा आणि इथे वीस बाटल्या उन्हात घाम गाळतायत.

मी सकाळी मलिताचं गाठोडं उचललं. तिला आठवा सरून नववा लागला होता. तिने स्वतःच्या हाताने सगळं बांधून ठेवलं होतं. काळा कागद चौघडी घालून, ब्लेड वेष्टनात, दोरा, मेणबत्ती, अर्धी साबणाची वडी.

"आई, ते कुठे नेतेस?"

"दाखवायला."

"कुणाला?"

"ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना."

"परत आण हं," ती म्हणाली. दुसऱ्या हातात मी रिकामी बादली घेतली.

नाच झाला, गाणी झाली. मॅडम उंच, वयस्क, उन्हाने नाक लाल झालेली. चेहऱ्याने प्रेमळ होती, आणि तेच मला जास्त खुपलं. तिने भाषण केलं, वेझीने ते आमच्या भाषेत सांगितलं. मुलोलाने दाखवून दिलं की लोक आणि नर्स हातात हात घालून चांगला कारभार करू शकतात. मुलोला आदर्श आहे. फेलिस्ताला प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीत घातलेलं. ते हातात घेताना तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते इथे लिहीत नाही, तिला अजून याच गावात नोकरी करायची आहे.

मी उठले. मामांनी चितेंजे ओढलं. या वेळी मी ते सोडवून घेतलं.

"मामा, तुम्ही जाऊन आलात. तुमचं ऐकलं नाही त्यांनी. आता माझी पाळी."

टेबलापाशी गेले. बाटल्या हाताने बाजूला सारल्या आणि पांढऱ्या कापडावर काळा कागद उलगडला. त्यावर ब्लेड ठेवलं, दोरा ठेवला, मेणबत्ती, साबण. शेजारी बादली आपटली. मॅडमच्या डोळ्यांत बघून बोलले. आयुष्यात कुठल्याही पाहुण्याशी मी तसं बोलले नव्हते.

"हे माझ्या पोरीचं सामान आहे. पंधरा-वीस दिवसांत ती इथे येईल. तुमच्या आदर्श केंद्रात हा कागद खाली घालून झोपेल, कारण गादी कुजलीय. हे ब्लेड आम्ही आणायचं. दिवा गेला तर मेणबत्ती आम्ही आणायची. आणि पाणी या बादलीत ओढ्यावरून मी आणायचं. त्या बाईचा", डोरिकाकडे बोट केलं, "नातू इथे पिकून मेला. तुम्ही आम्हाला तीन वर्षं बोलायला शिकवताय. आम्हाला बोलता येत होतं, बाई. पंप दुरुस्त करता येत नव्हता. पाइप तुमच्याकडे आहेत. द्या."

मॅडमने वेझीकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता गोडगोड काहीतरी सांगणार. पण त्याने माझं एकेक वाक्य तसंच्या तसं सांगितलं, मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. बिचाऱ्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

मॅडम उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. आणि तिने टाळ्या वाजवल्या. ती वाजवते म्हणून तिच्या मागच्यांनी वाजवल्या, मग मंडपाने वाजवल्या. फोटोवाला धावत आला. "हेच, हेच तर हवं होतं!" वेझी मॅडमचं बोलणं सांगू लागला, माझ्याकडे न बघता. "मॅडम म्हणतात, आमच्या कामाचं याहून मोठं यश नाही. तीन वर्षांपूर्वी ही स्त्री अशी उभी राहून बोलली असती का?"

"तीन वर्षांपूर्वी पंप चालू होता," मी म्हटलं.

हे मात्र वेझीने सांगितलं नाही.

मॅडमने माझे दोन्ही हात धरले. मग टेबलाकडे बोट करून काहीतरी विचारलं. वेझीने खाकरून सांगितलं, "मावशी, हे सामान त्यांना हवंय. मुख्य कचेरीत नेऊन दाखवायचं म्हणतात."

पाहुण्याने चारचौघांत मागितलं, नाही कसं म्हणायचं? मामाही म्हणाले, "दे." पण सगळं त्यांच्यावर ढकलत नाही. मलाच वाटलं, वर नेऊन खरंच दाखवील. तिथे कुणीतरी तो कागद हातात घेईल, ब्लेड बघेल, आणि पाइप सुटतील. दिलं. मॅडमने कागदाची घडी किती हळुवार घातली! पाहुणा पातं घेऊन येतो म्हणतात. ही माझं होतं ते पातं घेऊन गेली. बादली तेवढी ठेवली, गाडीत मावत नव्हती.

शनिवारच्या बाजारात काळा कागद नव्हता. पाऊस तोंडावर आलेला, सगळ्यांनी आपापल्या छपरांवर घालायला उचलला. दुकानदार म्हणाला, पुढच्या शनिवारी. म्हटलं, अजून वेळ आहे.

बुधवारी दुपारी संस्थेची गाडी टेकाड चढताना दिसली. टपावर काहीतरी लांबलचक, गुंडाळून दोरीने बांधलेलं, शेजारी लोखंडी नळ्या. डोरिका हातातली कुदळ टाकून ओरडली, "पाइप! अगं पाइप आले!" बायका शेतातून धावल्या. जीभ हलवून हलवून आनंदाचे चीत्कार केले, दोघीतिघी नाचल्या. मीही धावले. मलिता एका हाताने पोट धरून दारात उभी राहून हसत होती. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून डोकं फिरतं.

ड्रायव्हरने दोरी सोडली. नळ्या होत्या त्या बॅनर ताणून उभा करायच्या चौकटीच्या. आणि गुंडाळी उलगडली तर आत मी. घरापेक्षा मोठी. तोंड उघडं, हातात बादली, मानेच्या शिरा ताठ. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "मुलोला बोलते! नागरिकांचा आवाज, उत्तम कारभार." खाली पाच हसरी तोंडं, ओळीने.

डोरिकाने जवळ जाऊन पाहिलं. "दात छान आलेत तुझे," ती म्हणाली. मग खाली बसली आणि नातवाचं नाव घेऊन रडायला लागली.

ड्रायव्हरने बॅनर केंद्राच्या भिंतीसमोर उभा केला, पोचपावतीवर फेलिस्ताची सही घेतली आणि गेला.

गुरुवारी सकाळी नऊला मलिताचं पाणी गेलं. दिवस भरायच्या आधी, पहिलटकरीण, कळा एकदम जोरात. सायकलवर बसवून केंद्रात नेली. आत पहाटेची बाळंतीण नुकतीच उठवली होती. स्पंजात तिचं रक्त तसंच भिजलेलं. खोलीच्या कोपऱ्यात बादलीच्या तळाशी ओंजळभर पाणी.

"कागद?" फेलिस्ताने विचारलं.

"मॅडमने नेला."

"घरात दुसरं काही?"

"आहे ते तिच्या अंगावर आहे, सिस्टर."

मलिताने दाराची चौकट धरली होती. "आई, मी याच्यावर झोपणार नाही," ती दात आवळून म्हणाली. "त्या दोन बाळांसारखं माझं नाही करायचं."

मी बाहेर आले. समोर मी उभी होते, तोंड वासून. त्याहून जाड, नवा कोरा, गुळगुळीत प्लास्टिकचा कपडा पंचक्रोशीत कुठे नव्हता. साउलोसी मामा धापा टाकत टेकाड चढून आले होते. त्यांच्या हातात कोयता होता, वाटेवरचं गवत छाटायचा.

"मामा, कोयता द्या."

त्यांनी बॅनरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मीच कापतो," म्हणाले. "मध्यस्थाचं काम आहे." आणि सत्तरीच्या माणसाने एकेका दोरीवर एकेक घाव घातला.

फेलिस्ता धावत दारात आली. "अहो, संस्थेचा आहे तो! सही घेतलीय माझी!"

"मग लिहून ठेवा, वापरात आहे."

ती आत वळली. मग चौकटीतलं प्रशस्तिपत्र खुंटीवरून काढून बाजूला ठेवलं, तिथे सलाइन टांगायचं होतं, आणि म्हणाली, "छापलेली बाजू खाली घाला. पाठची पांढरी बाजू चांगली आहे. पण आधी धुवायला हवा, आणि पाणी नाही."

डोरिका आधीच ओढ्याकडे निघाली होती. तिच्यामागे चौदा-पंधरा बायका, डोक्यावर बादल्या, घागरी, डबे. टेकाडावरून ओढ्यापर्यंत रांग लागली आणि पाणी हातोहात वर आलं. केंद्राच्या मागे चूल पेटवून पहिलं पाणी उकळलं, तेही डोरिकानेच. स्वतःच्या नातवाला जे मिळालं नाही ते ती माझ्या नातवंडासाठी डोक्यावरून आणत होती. त्या रांगेला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. फोटोही कुणी काढला नाही.

बॅनर घासून धुतला, गादीवर घातला. माझं तोंड खाली, त्या कुजक्या स्पंजात दाबलेलं. वर पांढरी बाजू, तिच्यावर माझी पोर. फेलिस्ताच्या कपाटात एकच नवं ब्लेड शिल्लक होतं. दुपारी पावणेदोनला मुलगी झाली. तिने पहिला टाहो फोडला तेव्हा फेलिस्ता म्हणाली, "हिला बोलायला शिकवावं लागणार नाही."

संध्याकाळी मी तो बॅनर ओढ्यावर नेऊन धुतला. रक्त गेलं, अक्षरं गेली नाहीत. वाळायला जागा बघितली आणि बंद पंपाच्या दांड्यावरच टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे पलीकडच्या गावातून एक बाई आली, तिच्याकडेही कागद नव्हता. फेलिस्ताने न विचारता बॅनर आत नेला. तेव्हापासून तो केंद्राचाच झाला. नवव्या दिवशी नातीची नाळ वाळून पडली, बेंबी स्वच्छ. मी ती तीनदा उजेडात नेऊन पाहिली.

दहाव्या दिवशी सकाळी केंद्रात होते तेव्हा माझा फोन वाजला. वेझी होता.

"मावशी, कशा आहात? मलिता?"

"मुलगी झाली."

"अरे वा! अभिनंदन!" मग जरा घुटमळला. "मावशी, एक छोटं काम होतं. अहवाल पूर्ण करायचाय. बॅनर केंद्रात लावलेला आहे ना? त्याचा एक फोटो पाठवाल?"

"पाइप कधी येतायत?"

"त्याचं... ते दुसऱ्या विभागाकडे आहे. मी विचारलंय. फोटो तेवढा आज हवा होता."

आतून कण्हण्याचा आवाज आला. फेलिस्ता म्हणत होती, दम धर, अजून थोडा.

"बॅनर केंद्रातच आहे," मी म्हटलं. "आत्ता त्याच्यावर एक बाई बाळंत होतेय. तिचं होईपर्यंत थांबतोस, की असाच काढू?"

तेवढ्यात आतून फेलिस्ताने पाणी मागितलं. मी फोन बंद केला आणि बादली उचलून ओढ्याकडे निघाले.